आमोस चिडला कुणावर, मूर्तींवर की सावकारांवर?

पेडण्याची मास्तरीण
शाळेतल्या एका बाईंनी मराठी बायबल वाचायला दिलंय. त्यातलं आमोस या संदेष्ट्याचं पुस्तक नऊच अध्यायांचं, म्हणून तिथूनच सुरुवात केली. वाटलं होतं, मूर्तिपूजेवर झोड उठवली असेल आणि रोज देवांना फुलं वाहणारी मी अंग चोरून वाचीन. तर हा बाबा दुसऱ्याच अध्यायात जोडाभर वहाणांसाठी गरीब विकले म्हणून भांडतोय! मग इस्राएलचं पाप नक्की कुठलं? मूर्ती, की गरिबांची हेळसांड?

म्हापशाचा दुकानदार
बाई, त्याच अध्यायातली आठवी ओवी परत वाचा. गहाण घेतलेली वस्त्रं अंथरून हे लोक वेदीपाशी लोळतात. गरिबाचं गहाण पांघरूण सूर्य मावळायच्या आत परत करायचं, असा बायबलातल्याच निर्गम या पुस्तकातला नियम. रात्री अंगावर घ्यायला त्याच्याकडे दुसरं काय असणार? आणि ते पांघरूण कुठे, तर देवळात, सावकाराच्या बुडाखाली. दोन पापं वेगळी काढणार कशी?

माझा जीव मात्र आठव्या अध्यायात अडकला. धान्य मोजायचा एफा लहान, पैसे तोलायचा शेकेल जड, वर गव्हात भूस. आमचं धान्याचं दुकान. बाबा उदबत्ती ओवाळल्याशिवाय फळी उघडत नसत. ते गेल्यावर माळा आवरताना दोन लाकडी पायल्या सापडल्या, एकीत एक बसलेल्या. खरं तर दोन्ही पायल्याच, एकाच मापाच्या असायला हव्या होत्या. मी तिथेच शिडीवर बसून राहिलो.

मडगावचा वाचक
काका, पटलं, पण मूर्तींना इतक्यात सोडू नका. होशेय हा संदेष्टा त्याच काळातला, तो बआल या कनानी देवाच्या पूजेवरून किती कळवळतो पाहा. आणि बेथेलच्या देवस्थानातलं सोन्याचं वासरू बसवलं इस्राएलच्या राजानं, पहिल्या यराबामानं, लोक शेजारच्या यहूदा राज्यातल्या यरुशलेमच्या मंदिरात जाऊ नयेत म्हणून. सरळ राजकारण! म्हणून तर आमोसच्या काळी, दुसरा यराबाम राजा असताना, तिथला याजक अमस्या आमोसला सांगतो, हे राजाचं देवस्थान आहे, तू यहूदात जा. आमोस मूळचा यहूदातल्या तकोव्याचा, मेंढरं आणि उंबरं सांभाळणारा. इस्राएलची राजधानी शोमरोन, तिथल्या उत्खननात हस्तिदंताचे कोरीव तुकडे निघालेत, तो ज्या हस्तिदंती पलंगांवर चिडतो त्या थाटातले.

पांघरुणाची गोष्ट नुसती पुस्तकातली नाही हं. १९६० मध्ये आजच्या इस्राएल देशात यव्नेजवळच्या समुद्रकाठच्या एका किल्ल्यात लिहिलेली खापरं सापडली, इ. स. पू. सातव्या शतकातली. म्हणजे आमोसच्या नंतरची, यहूदाकडची. कापणीचा मजूर अधिकाऱ्याला विनवतोय: माझं काम पुरं झालं होतं, तरी माझं वस्त्र नेलं, ते परत द्यायला लावा.

पेडण्याची मास्तरीण
मिळालं का त्याला?

मडगावचा वाचक
खापरावर नुसता अर्ज आहे, बाई.

पेडण्याची मास्तरीण
भाऊ, त्या पायल्या अजून आहेत?

म्हापशाचा दुकानदार
आहेत. तांदूळ भरून पाहिले. धाकटीत दोन मुठी कमी बसतात.