आईच्या गुडघ्यात तिच्याच पोटावरची चरबी काढून इंजेक्शन, कोणी केलंय का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक होणार आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय नीट कळणार नाही म्हणून लिहितेय.

आई ६६ वर्षांची, सांगलीत असते. वजन ७८ किलो, शुगर गोळ्यांवर कंट्रोलमध्ये, मागे स्टेंट बसवलाय त्यामुळे रक्त पातळ करायची गोळी रोजची. दोन्ही गुडघे दुखतात, उजवा जास्त. उभं राहून काढलेल्या एक्सरेत झीज उजव्याला चारपैकी ग्रेड ३, डाव्याला ग्रेड २ आलीय. एसटीतून उतरताना ती आता तोंड दाराकडे न करता आडवी उभी राहते, दांडा दोन्ही हातांनी घट्ट धरते आणि आधी डावा पाय खाली टेकवते, मग उजवा ओढून घेते, आणि मागची माणसं चला चला करत असतात. बघवत नाही. खाली बसून भाजी निवडणं तर कधीच बंद झालं.

आमचे ऑर्थोपेडिक म्हणतात रिप्लेसमेंट लागेल पण आत्ताच घाई नको. आई तर ऑपरेशनचं नाव काढलं की विषयच बदलते. अशात भावाने पुण्यातल्या एका क्लिनिकचा व्हिडिओ पाठवला, म्हणून मी आणि वहिनी जाऊन भेटून आलो. पोटाला भूल देऊन, सलाइनचं पाणी भरून सुईसारख्या नळीने चरबी ओढून काढतात, ती धुऊन बारीक करतात आणि त्याच दिवशी गुडघ्यात सोडतात, संध्याकाळी घरी. तिथल्या काउन्सिलर बाई म्हणाल्या की स्वतःचीच चरबी आहे त्यामुळे साइड इफेक्ट शून्य, आणि गुडघ्याच्या हाडांमधली झिजलेली गादी परत तयार होते. एका गुडघ्याला दीड लाख, या महिन्यात बुक केलं तर कमी करू. हे महिन्याच्या ऑफरचं ऐकून मला कसंतरीच झालं, पण आईच्या डोळ्यात आशा दिसली तेव्हा नाही म्हणायचा धीर झाला नाही.

घरी येऊन वाचत बसले. मला समजलं ते असं की यात दोन प्रकार आहेत, एकात चरबी बंद डब्यात नुसती फोडून, रक्त आणि तेल धुऊन काढून देतात, दुसऱ्यात कोलॅजिनेज नावाचं एन्झाइम घालून तिच्यातल्या पेशी वेगळ्या काढतात. क्लिनिकला विचारलं तुमचा कुठला, तर म्हणे आमची स्वतःची टेक्नॉलॉजी आहे. हे काय उत्तर झालं?

कोणी घरच्यांचं केलं असेल तर वर्षभरानंतर फरक टिकला का? शुगर आणि रक्त पातळ करायची गोळी असताना चालतं का? मेडिक्लेममध्ये बसतं का? प्लीज सांगा.

प्रतिसाद

ताई, मी फिजिओ आहे, गुडघ्याचे पेशंट रोजच बघते, म्हणून स्पष्टच लिहिते.

गादी परत तयार होते हे त्यांनी कशाच्या आधारावर सांगितलं ते लेखी मागा. २०२३ मध्ये नेचर मेडिसिन या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतली मोठी ट्रायल, म्हणजे पेशंटवरची चाचणी, आली, पावणेपाचशेच्या आसपास पेशंट, त्यात बोन मॅरो म्हणजे हाडातला मगज, स्वतःच्या चरबीतल्या पेशी आणि नाळेतल्या पेशी अशा तिन्हींची तुलना साध्या स्टिरॉइड इंजेक्शनशी केली होती. वर्षानंतर दुखण्यात तिन्हींपैकी एकही स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं नाही. त्यातली चरबी एन्झाइमवाली होती. नुसती फोडलेली चरबी घेतल्यावर काही लोकांना बरं वाटतं हे मीही बघितलंय, पण बरं वाटणं वेगळं आणि गादी वाढणं वेगळं.

आयसीएमआर या वैद्यकीय संशोधनाच्या सरकारी संस्थेच्या २०१७ च्या गाइडलाइनप्रमाणे रक्ताच्या आजारातलं ट्रान्सप्लांट सोडलं तर स्टेम सेल, म्हणजे अशा चरबीतल्या किंवा मॅरोतल्या मूळ पेशी, हे मंजूर ट्रायलमध्येच द्यायचं असतं, आणि ट्रायल असेल तर त्यासाठी पेशंटकडून पैसे घ्यायचे नसतात. त्यामुळे ट्रायल आहे म्हणाले तर सीटीआरआयचा, म्हणजे ट्रायलच्या सरकारी नोंदणीचा, नंबर मागा. २०२२ मध्ये डीसीजीआयने, म्हणजे देशाच्या औषध नियंत्रकांनी, गुडघ्यासाठी स्टेमप्युसेलला परवानगी दिली तीही कोणी दाखवेल, पण ते दात्याच्या बोन मॅरोपासून वाढवलेल्या पेशींचं औषध आहे, स्वतःच्या चरबीचा त्याच्याशी संबंध नाही. मेडिक्लेमचं म्हणाल तर विमा नियामक आयआरडीएआयच्या २०१९ च्या यादीत स्टेम सेल फक्त रक्ताच्या आजारातल्या बोन मॅरो ट्रान्सप्लांटपुरतं होतं, तरी कंपनीला मेल करून लेखी घ्या.

आणि शून्य साइड इफेक्ट कसं म्हणतात? लायपोसक्शन आहे ते, पोट काळंनिळं होतं, शुगरवाल्यांना इन्फेक्शनची काळजी जास्त. रक्त पातळ करायची गोळी कोणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका, स्टेंट आहे, आधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारा. स्टिरॉइडनेही काही दिवस शुगर चढते, तेही ध्यानात असू द्या.

मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नीट शिकवून घेतलेत का कधी? वजन एक किलो उतरलं तर प्रत्येक पावलाला गुडघ्यावरचा भार चारेक किलोने हलका होतो. ७८ वरून ७२ झालं तरी एसटीच्या पायरीला फरक कळेल.

मूळ लेखिका

खूप खूप आभार ताई. व्यायाम कागदावर लिहून दिले होते, करून कोणी दाखवले नाहीत. सोमवारी हृदयाच्या डॉक्टरांची अपॉइंटमेंट घेतलीय आणि क्लिनिकला कुठला प्रकार आणि ट्रायल नंबर असा मेल टाकलाय, उत्तर येईपर्यंत एक रुपया भरणार नाही. सांगली मिरजेकडे व्यायाम समोर उभं राहून करून घेणारं कोणी माहीत असेल तर कळवा, आणि ज्यांनी हे चरबीचं केलंय त्यांनी अनुभव चांगला असो वाईट असो, एक्सरेची ग्रेड काय होती तेवढं सांगून लिहा.