मदत हवी आहे: कोकणातल्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी कसे आणावेत?

नमस्कार मंडळी,

मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका कॉलेजात शिकवतो. जूनपासून परदेशी विद्यार्थी कक्ष माझ्याकडे आलाय. यूजीसीने (विद्यापीठ अनुदान आयोगाने) 2022 मध्ये मंजूर जागांच्या वर 25 टक्क्यांपर्यंत जागा परदेशी मुलांना द्यायची मुभा दिली, म्हणजे इथल्या मुलांची एकही जागा जात नाही. जागा आहेत, अर्ज नाहीत.

माझ्या डोक्यात आधी नेपाळ आहे. 2021-22 च्या सरकारी पाहणीत भारतात शिकणारे परदेशी विद्यार्थी 46,878 होते, त्यातले साधारण 28 टक्के नेपाळचे. त्यांना व्हिसाही लागत नाही. आणि नेपाळ आपल्याला नवा कुठे आहे? आंब्याच्या बागेत राखणीला नेपाळी, होडीवर खलाशी नेपाळी. त्यांची इथेच वाढलेली पोरं झेडपीच्या शाळेत आपल्या पोरांसारखी मराठी बोलतात. त्यातली चार जरी आमच्याकडे पदवीला आली, तर गावाकडच्या भावंडांना तीच सांगतील. कुठल्याही जाहिरातीपेक्षा माझा त्यांच्यावर जास्त भरवसा आहे. पण अशा मुलाला परदेशी म्हणून जादा फी लावायची? मला ते पटत नाही. कोणाच्या कॉलेजने यातून वाट काढली आहे का?

दुसरा विचार काजूचा. टांझानिया, मोझांबिकमधून कच्ची बी आपल्या देशातल्या कारखान्यांत येते. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने काजूच्या जाती काढल्या, प्रक्रियेचे कारखाने इथे आहेत. तिथल्या मुलांना त्यांच्या पिकाशी याहून जवळचं शिक्षण कुठे मिळेल?

गेल्या वर्षी टांझानियाच्या एका मुलीने विचारणा केली होती. तिच्या बारावीची समकक्षता, म्हणजे ती इथल्या बारावीच्या बरोबरीची आहे का, हे कोणी तपासायचं यावर आमच्याकडे दीड महिना फाइल फिरली, तोवर तिने दुसरीकडे प्रवेश घेतला. अजून वाईट वाटतं.

एक एजंट फीमधला वाटा मागतोय. मुलांना तो काय सांगून आणेल कोण जाणे. शिवाय परदेशी माणूस राहायला आला की 24 तासांत ऑनलाइन कळवावं लागतं, म्हणून घरमालक बिचकतात. कसं समजवायचं?

प्रतिसाद:
सर, मी पुण्यात हेच काम केलंय. एजंट राहू द्या. मेलला दोन दिवसांत उत्तर जाईल एवढं आधी बघा, आणि समकक्षतेचं काम एकाच माणसाच्या नावावर टाका. फी, मेस, वसतिगृहाच्या खोलीचे फोटो वेबसाइटवर हवेत. जुलैत किती पाऊस पडतो तेही लिहा, नाहीतर मूल येऊन घाबरतं. पहिली बॅच वसतिगृहातच ठेवा, कळवायचं काम रेक्टर करतील. घरमालकांचं पुढच्या वर्षी बघू.

धागाकर्ता:
मनापासून आभार. पावसाचं आजच लिहायला घेतो. नेपाळी मुलांच्या फीचं मात्र कोणीतरी सांगा, मे महिन्यात बागेतली माणसं गावी निघायच्या आत मला त्यांच्याशी बोलायचंय.