ओरेगॉन ट्रेल: स्वतः प्रवास केलेल्यांनी लिहिलेलं काय वाचू?

रानवारा: १९व्या शतकात अमेरिकेत मिसुरीकडून पश्चिमेला ओरेगॉनला वॅगनने (छपराच्या बैलगाडीने) गेलेल्या कुटुंबांचं स्वतःचं लिखाण वाचायचंय, सुरुवात कुठून करू?

पिंपळपान: अमेलिया स्टुअर्ट नाइटची डायरी. १८५३ला आयोवाहून नवरा नि ७ पोरं घेऊन निघाली, पाऊस, चिखल, मरणारे बैल सगळं लिहिलंय पण स्वतः गरोदर आहे हे कळूच देत नाही, शेवटी आठवं बाळ झाल्यावरच समजतं. मी सुन्न झाले वाचून.

खडीसाखर: कॅथरीन सेगर पण वाच. १८४४, वय ९, चालत्या वॅगनमधून उतरताना फ्रॉक अडकला नि चाक पायावरून गेलं, पुढे वाटेतच आईवडील दोघंही गेले, ७ भावंडं पोरकी. मोठेपणी आठवून लिहिलंय, डायरी नाही.

रानवारा: बापरे. आधी अमेलिया वाचते.