१००० ची नोट परत आणायची तर अधिकार कोणाचा?

प्रश्न: रिझर्व्ह बँक स्वतःच १००० ची नोट पुन्हा काढू शकते का? २५ पैशांच्या नाण्याचं काय?

उत्तर १: एकटी नाही. रिझर्व्ह बँकेचा कायदा १९३४ चा. कलम २२ नुसार नोटा काढण्याचा हक्क फक्त बँकेचा. पण कोणत्या मूल्याची काढायची किंवा बंद करायची, हे कलम २४ नुसार बँकेच्या केंद्रीय मंडळाच्या शिफारशीवरून केंद्र सरकार ठरवतं. डिझाइनची मंजुरीही सरकारचीच, कलम २५. कमाल मर्यादा १०,००० रुपये. म्हणजे १००० साठी संसदेत जायची गरज नाही. घोळ इथेच होतो: नवी नोट आली म्हणून २०१६ पूर्वीची जुनी जिवंत होत नाही. २०१७ च्या कायद्याने त्या जुन्या नोटेचे पैसे देण्याची बँकेची जबाबदारी संपलीय. जुन्या बाद नोटा दहापेक्षा जास्त बाळगू नका. संग्राहक, अभ्यासकांना २५ पर्यंत मुभा आहे.

उत्तर २: नाणी पूर्णपणे सरकारची, नाणे कायदा २०११. २५ पैसे ३० जून २०११ पासून बाद; ५० पैसे आजही चलनात आहेत, दुकानदार नाही म्हणाला तरी.

उत्तर ३: एक रुपयाची नोटही सरकारचीच, सही वित्त सचिवांची. छपाई १९९४ ला थांबली, २०१५ ला पुन्हा सुरू झाली.