मदत हवी आहे: विक्रेत्याच्या चुकीने हवं त्यापेक्षा मोठं लायसन्स मिळालंय, काय करू?

नमस्कार मंडळी,

गेले चार दिवस एक गोष्ट डोक्यातून जात नाहीये. घरात बोलून झालं, आता इथे विचारते.

मी रेकॉर्ड केलेल्या मुलाखतींचं शब्दांकन करते. जुन्या टेपवर पंख्याची घरघर आणि मागची खरखर इतकी असते की एकेक वाक्य पाच-पाच वेळा ऐकावं लागतं. ती काढून टाकणारं एक सॉफ्टवेअर तीन आठवड्यांपूर्वी विकत घेतलं. एक संगणक, एक वर्ष, सगळ्यात लहान लायसन्स. बिलावर तेच छापलंय. ईमेलने की (सॉफ्टवेअर चालू करणारा सांकेतिक क्रमांक) आली, ती टाकली, हिरवी खूण आली आणि मी कामाला लागले.

मंगळवारी अपडेट करताना सहज 'लायसन्स माहिती' उघडली. तिथे दोन ओळी होत्या. 'मुदत: कायमस्वरूपी.' 'संगणक: २५ पैकी १ वापरात.' मला वाटलं आपलंच काहीतरी चुकतंय. बिल पुन्हा उघडलं, त्यांची साइट पाहिली. २५ संगणकांचं कायमचं लायसन्स हा संस्थांसाठी असलेला वेगळा प्रकार आहे आणि त्याची किंमत मी भरलेल्या पैशांच्या कित्येक पट आहे.

आता जे लिहायला जड जातंय ते. हे कळल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर तीच की दुसऱ्या संगणकावर टाकून पाहिली. चालते का बघू, एवढंच मनात होतं. चालली. आकडा बदलून '२५ पैकी २' झाला. मग चालतेच आहे तर म्हणून चार तासांची एक मुलाखत त्या संगणकावर रात्रभर साफ करायला लावली. सकाळी फाइल तयार होती, आवाज अगदी स्वच्छ, आणि मला ती उघडवेना.

मंगळवारपर्यंत माझं काहीच चुकलं नव्हतं. मी मागितलं नव्हतं, कुठे खोटं बोलले नव्हते, मला माहीतही नव्हतं. पण त्या रात्रीचं काम मी पुरतं जाणून केलं.

माझ्या सहकाऱ्याचं म्हणणं सरळ आहे. सॉफ्टवेअर म्हणजे काही गोदामातलं खोकं नव्हे. तुला २४ जागा जास्त मिळाल्या म्हणून त्यांच्याकडच्या कमी झाल्या नाहीत. मग नुकसान कुणाचं? यावर मला झटकन उत्तर सुचलं नाही. नंतर लक्षात आलं की दुसऱ्या संगणकासाठी मी महिन्याभरात लायसन्स घेणारच होते, मनाशी ठरलेलं होतं. ते आता घेणार नाही. म्हणजे निदान एक विक्री तरी गेलीच की. उरलेल्या २३ जागांबद्दल मात्र अजून नीट सांगता येत नाही.

मला तीन बाबतींत मदत हवी आहे. कळवावं की गप्प बसावं, हे एक. कळवलं आणि त्यांनी की तडकाफडकी बंद केली तर हातातलं काम अडकेल, त्याचं काय करायचं? आणि कळवायचंच तर त्या दुसऱ्या संगणकाचं सांगायचं की आपलं आपण काढून टाकून विषय संपवायचा? सांगायची लाज वाटतेय, हे खरं आहे.

प्रतिसाद

ताई, तुम्ही उगाच स्वतःला त्रास करून घेताय. चूक त्यांची आहे, तुमची नाही. कंपन्या आपल्याकडून चुकून दोनदा पैसे कापतात तेव्हा आपण होऊन कधी परत करतात का? आपल्यालाच दहा ईमेल करावे लागतात.

धागाकर्ती

तोच विचार मीही करून पाहिला. पण दोनदा पैसे कापले की मी चिडते, ते का? त्यांना दिसत असूनही ते गप्प बसले म्हणून. आता दिसतंय ते मला. आणि ही मोठी कंपनी नाही. खरेदीआधी मी एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर ज्याने दिलं त्यानेच हे सॉफ्टवेअर लिहिलंय, असं त्याच ईमेलमध्ये होतं.

प्रतिसाद

कंपनी लहान की मोठी यावर हे ठरवू नका. मोठी असती तर तुम्ही ठेवलं असतं का? तसं असेल तर मग ती फक्त दया झाली.

कायद्याच्या बाजूने दोन जुनी उदाहरणं देतो, कारण तुमचा पेच त्यात हुबेहूब आहे. १९३९ मध्ये लंडनच्या न्यायालयात सशांच्या कातड्यांचा एक दावा आला होता. बोलणी नगावर झाली होती आणि त्या व्यापारात भाव नगावरच ठरत. लेखी प्रस्तावात मात्र विक्रेत्याकडून चुकून तोच भाव पौंडाला, म्हणजे वजनावर, लिहिला गेला. एका पौंडात साधारण तीन कातडी बसत, म्हणजे माल जवळजवळ एक तृतीयांश किमतीत पडत होता. खरेदीदार म्हणाला, लिहिलंय ते लिहिलंय. न्यायालयाने ऐकलं नाही. या धंद्यातल्या माणसाला ही चूक कळली नसेल हे शक्य नाही, आणि समोरच्याची चूक ओळखून ती झडप घालून पकडता येत नाही, असा निकाल लागला.

दुसरं सिंगापूरचं. २००३ मध्ये तिथल्या एका ऑनलाइन दुकानात ३,८५४ डॉलरचा लेझर प्रिंटर ६६ डॉलरला दिसू लागला. कर्मचाऱ्यांच्या प्रशिक्षणासाठी टाकलेला आकडा चुकून खऱ्या साइटवर चढला होता. सहा जणांनी मिळून १,६०६ प्रिंटर मागवले. दुकानाने नकार दिल्यावर ते न्यायालयात गेले आणि २००४ मध्ये हरले, २००५ मध्ये अपिलातही. त्यांना चूक कळली होती की नाही यावरच सगळं ठरलं, आणि रात्री त्यांनी एकमेकांना पाठवलेल्या चॅटमधूनच ते उघड झालं. एका माणसाला शेकडो प्रिंटर कशाला लागतील?

दोन्हीकडे कायदा चूक कुणाची यावर थांबला नाही. खरेदी करणाऱ्याला ती ठाऊक होती का, हे त्याने विचारलं. तुम्हीही मंगळवारची तारीख लक्षात ठेवलीय, ती उगाच नाही. फरक एवढाच की त्यांना मागवतानाच ठाऊक होतं, तुम्हाला नंतर कळलं.

प्रतिसाद

मी पलीकडच्या बाजूला आहे, म्हणजे सॉफ्टवेअर बनवून विकतो. अशी चूक कशी होते ते सांगतो, म्हणजे पुढचं ठरवणं सोपं जाईल.

पैसे घेणारी यंत्रणा वेगळी असते आणि की तयार करणारी वेगळी. मध्ये एक तक्ता असतो: अमुक क्रमांकाचा माल विकला गेला तर तमुक प्रकारची की पाठव. नवा प्रकार चढवताना किंवा चाचणी करताना त्यातली एक ओळ सरकली की झालं. पैसे बरोबर येत राहतात, त्यामुळे हिशोबात काही दिसत नाही. कुणाला कमी मिळालं तर तासाभरात तक्रार येते. जास्त मिळालेला माणूस बोलत नाही. म्हणून ग्राहकाच्या फायद्याची चूक महिनोन् महिने सापडत नाही. असं माझ्याकडे एकदा झालं आणि मला ते एका ग्राहकाच्या दोन ओळींच्या ईमेलमुळे कळलं. त्या माणसाचं नाव मी विसरलेलो नाही.

प्रत काढायला खर्च नाही हे तुमच्या सहकाऱ्याचं म्हणणं खरं आहे. पण सॉफ्टवेअरचा खर्च प्रतीत नसतोच. पहिली प्रत तयार व्हायला दोन-तीन वर्षं गेलेली असतात आणि पुढे दर नव्या ऑपरेटिंग सिस्टिमबरोबर ती दुरुस्त करत राहावी लागते. वर्षाचं लायसन्स त्यासाठी असतं. कायमचं घेणारा पुढच्या सगळ्या वर्षांचे पैसे आधी भरतो.

आता कामाचं. ईमेल पाठवण्याआधी चालू कामातल्या सगळ्या फाइली साध्या वेव्ह स्वरूपात काढून ठेवा, म्हणजे सॉफ्टवेअर बंद पडलं तरी आवाज हातात राहील. ईमेलमध्ये ऑर्डर क्रमांक, तारीख, काय घेतलं आणि काय मिळालं एवढं लिहा. बिल जोडा. पूर्ण की लिहू नका, शेवटची चार अक्षरं पुरेत. आणि स्पष्ट मागा: 'योग्य की आधी पाठवा, ती चालली की मग जुनी बंद करा.' कुणीही शहाणा विक्रेता एवढं ऐकतो. दुसऱ्या संगणकाचं सांगा. ॲक्टिव्हेट झालेल्या संगणकांची यादी त्यांच्या सर्व्हरवर असते, त्यांना तो आकडा दिसणारच आहे. तुमच्या तोंडून कळलेलं बरं.

प्रतिसाद

मग कूपनचं काय? मुदत संपलेलं कूपन चालतंय म्हणून मी परवाच एक वापरलं. तेही पाप का?

प्रतिसाद (वर सशांच्या कातड्यांचं लिहिणारा)

नाही, सगळं एका मापाने मोजू नका. मुदत संपलेली कूपनं पुष्कळ विक्रेते मुद्दाम चालू ठेवतात. तिथे चूक आहे असं तुम्हाला खात्रीने म्हणता येत नाही. एखाद्याने आपल्या मालाची किंमत फार कमी ठेवली, तर तो त्याचा निर्णय, तुम्ही खुशाल घ्या. एक शून्य राहून गेलं असेल तर तो निर्णय नव्हे. आणि दुसऱ्या देशातले आहोत असं भासवून तिथल्या स्वस्त दरात घेतलं, तर त्यात विक्रेत्याची चूक नाहीच, ते आपलं खोटं आहे. शंका असेल तेव्हा विचारावं, एवढंच मी पाळतो.

दया आणि सचोटी यावरून आठवलं. सिसेरो या रोमन लेखकाने इसवी सनापूर्वी ४४ मध्ये स्काएव्होला या कायदेपंडिताची हकीकत लिहून ठेवली आहे. त्याला एक शेत घ्यायचं होतं. विक्रेत्याने किंमत सांगितली. हा म्हणाला, माझ्या अंदाजाने याचं मोल जास्त आहे, आणि एक लाख सेस्टर्स (रोमन नाणी) वाढवून दिले. लोक म्हणाले, भला माणूस खरा, पण शहाणा नव्हे. सिसेरोला भलेपणा आणि शहाणपण असं वेगळं काढणंच मान्य नव्हतं. तुमच्याकडून एवढी अपेक्षा कुणी करत नाही, ताई. तुम्ही फक्त जे घेतलंच नाही ते परत करताय.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. विशेषतः 'जास्त मिळालेला बोलत नाही' हे वाचून बराच वेळ बसून राहिले. माझ्यासारखी की आणखी किती जणांकडे गेली असेल कोण जाणे.

काल रात्री फाइली वेव्हमध्ये काढल्या, दुसऱ्या संगणकावरून सॉफ्टवेअर काढून टाकलं आणि ईमेल पाठवला. पहिल्या मसुद्यात 'चुकून दुसऱ्या संगणकावर ॲक्टिव्हेट झालं' असं लिहिलं होतं. ते खोडलं. आता असं आहे: 'जास्त जागा दिसल्यावर मी ही की दुसऱ्या संगणकावर टाकली आणि तिथे एक रात्र काम केलं. ते आता काढलं आहे. त्या संगणकासाठी मला एका वर्षाचं लायसन्स विकत घ्यायचं आहे, त्याचं बिल पाठवा.'

एक अजून सुटलेलं नाही. ती चार तासांची साफ झालेली मुलाखत ठेवू की पहिल्या संगणकावर पुन्हा करू? सहकारी म्हणतो, आता हे फार झालं. कदाचित त्याचं बरोबर असेल, पण ती फाइल मी अजून शब्दांकनाला घेतलेली नाही. त्यांचं उत्तर आलं की इथेच लिहिते.