ट्रेड रबरच्या क्युअरिंगसाठी काजूच्या टरफलाचे तेल वापरावे का? जाणकारांचा सल्ला हवा आहे

धागाकर्ता (शिरोली, कोल्हापूर)

नमस्कार. ट्रक-बसच्या टायरांच्या रिमोल्डिंगसाठी लागणारे प्रीक्युअर ट्रेड रबर (जुन्या टायरवर बसवायचा, आधीच पक्का केलेला आणि रस्त्याला टेकणारा पट्टा) आमच्या लहान कारखान्यात तयार होते. आजरा-चंदगड भागातील काजू उद्योगामुळे टरफलाचे तेल आम्हाला जवळच मिळते, आणि खनिज अ‍ॅरोमॅटिक तेलाच्या जागी ते वापरल्यास क्युअरिंगही (गंधक व उष्णतेने रबर पक्के होण्याची क्रिया, म्हणजेच व्हल्कनायझेशन) सुधारते असे पुरवठादाराने सांगितल्यामुळे आम्ही त्याची चाचणी घेतली.

आमच्या कम्पाउंडमध्ये नैसर्गिक रबर ७० भाग, पॉलिब्युटाडाईन ३० भाग, कार्बन ब्लॅक ५२, अ‍ॅरोमॅटिक तेल ८, झिंक ऑक्साईड ४, स्टिअरिक अ‍ॅसिड २, टीबीबीएस (क्युअरिंगचा वेग वाढवणारा प्रवेगक) १ आणि गंधक १.६ भाग असतो. यातील आठही भाग तेल बदलले, बाकी काहीही बदलले नाही. मिलवर बॅच मऊ आणि एकजीव झाली, कार्बनही चांगला मुरला; परंतु १५० अंशांवरच्या रिओमीटर आलेखात (रबर पक्के होताना वाढणारा ताठरपणा मोजणाऱ्या यंत्राच्या आलेखात) कमाल टॉर्क खाली आला, टी-९० (नव्वद टक्के क्युअरिंगला लागणारा वेळ) लांबला, आणि मोल्डमधून काढलेला पट्टा आडवा कापल्यावर मध्यभागी टाचणीच्या टोकाएवढी छिद्रे दिसली. वनस्पतिजन्य घटकांनी व्हल्कनायझेशन सुधारते हे खरे असेल तर आमच्याकडे उलटे का झाले, आणि पुढे काय करावे, याबद्दल मार्गदर्शन व्हावे.

कम्पाउंडर, ठाणे

आपण प्रमाणे आणि तापमान दिले, त्यामुळे उत्तर देणे सोपे झाले. पुरवठादाराचे म्हणणे अर्धे खरे आहे, आणि राहिलेला अर्धा भाग आपल्या आलेखात दिसतो आहे.

टरफलाच्या कच्च्या तेलात सर्वाधिक प्रमाण अ‍ॅनाकार्डिक आम्लाचे असते. रचनेच्या दृष्टीने हे सॅलिसिलिक आम्लाचेच भावंड आहे; फक्त त्याला पंधरा कार्बनची लांब शेपटी जोडलेली असते. सॅलिसिलिक आम्ल रबर उद्योगात स्कॉर्च (वेळेआधीच सुरू होणारे क्युअरिंग) लांबवणारा रिटार्डर म्हणून वापरले जात आले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे आपला टी-९० का लांबला याचे पहिले कारण कळते. तेल तापवून त्यातील कार्बन डायऑक्साईड काढून टाकला की या आम्लाचे कार्डॅनॉल होते. ही प्रक्रिया कारखान्यात पूर्ण झाली नसेल तर उरलेला वायू आपल्या मोल्डमध्ये सुटतो. छिद्रांचे कारण बहुधा तेच, किंवा तेलातील ओलावा.

टॉर्क कमी होण्याचे कारण निराळे आहे. कार्डॅनॉलच्या शेपटीत सरासरी दोनच्या आसपास दुहेरी बंध असतात, आणि दोन दुहेरी बंधांच्या मध्ये सापडलेला कार्बन गंधकाशी रबराच्या साखळीपेक्षाही लवकर प्रतिक्रिया करतो. म्हणजे जो गंधक रबराच्या दोन साखळ्या सांधण्यासाठी घातला, त्यातील काही भाग तेलच खाऊन टाकते आणि जाळे विरळ राहते. सोयाबीन तेलातही हेच घडते. त्यामुळे कोणतेही असंपृक्त वनस्पती तेल खनिज तेलाच्या जागी वजनाला वजन लावून बदलता येत नाही, गंधक आणि प्रवेगक यांचा हिशेब नव्याने मांडावाच लागतो.

माझा सल्ला असा की कच्चे तेल पूर्ण थांबवावे आणि ऊर्ध्वपातित कार्डॅनॉल घेऊन आठपैकी फक्त तीन भाग बदलावेत. गंधक ०.१ भागाच्या पायरीने वाढवून प्रत्येक पायरीला टीएस-२ (क्युअरिंग सुरू होईपर्यंतचा वेळ), टी-९० आणि कमाल व किमान टॉर्कमधील फरक नोंदवावा. तुलना समान कठीणतेवर करावी, अन्यथा झीज आणि फाटण्याचे आकडे दिशाभूल करतात. १६० अंशांवर रिव्हर्जनही (जास्त तापल्यावर तयार जाळे पुन्हा तुटणे) पाहावे, कारण गंधक वाढवला की नैसर्गिक रबरात हा धोका वाढतो.

काजू प्रक्रियादार, वेंगुर्ले

तेलाच्या बाजूने काही सांगतो. टरफलात साधारण पाव भाग तेल असते, पण ते एक्सपेलरने काढले की तापवून काढले यावर त्याचा स्वभाव ठरतो. एक्सपेलरचे तेल तापवताना कढईभर फेस येतो, आणि तो फेस पूर्ण बसेपर्यंत थांबण्याची तयारी प्रत्येक कारखानदाराची नसते. म्हणून खरेदी करताना आम्लांक (आम्लाचे प्रमाण), आयोडीन अंक (दुहेरी बंधांचे प्रमाण), ओलावा आणि राख हे चार आकडे प्रत्येक लॉटसोबत लेखी मागावेत. थोडे तेल परीक्षानळीत घेऊन १५० अंशांच्या वर तापवावे. बुडबुडे येत राहिले तर तो माल रबरासाठी घेऊ नये. कच्च्या तेलाने कातडी भाजते, तेव्हा मिलवरच्या कामगारांना हातमोजे अवश्य द्यावेत.

पॉलिमर विषयाचे अध्यापक, कोची

मूळचा सांगलीचा, गेली अनेक वर्षे केरळमध्ये आहे. वरील रसायनशास्त्राशी मी सहमत आहे, पण ‘वनस्पतिजन्य घटक’ म्हणजे केवळ तेल असे समजू नये. बाजारात मिळणारे स्टिअरिक अ‍ॅसिड पुष्कळदा पाम तेलापासूनच बनलेले असते. ते झिंक ऑक्साईडशी मिळून रबरात विरघळणारा झिंकचा साबण तयार करते, आणि त्या साबणामुळेच झिंक प्रवेगकापर्यंत पोहोचते. खुद्द नैसर्गिक रबरातील प्रथिने आणि मेदाम्लेही क्युअरिंगला हातभार लावतात. प्रथिने काढून टाकलेले रबर सावकाश क्युअर होते, हा प्रयोगशाळेतला नेहमीचा अनुभव आहे.

येथील कोचीन विद्यापीठात १९९० च्या दशकातच राइस ब्रान (तांदळाच्या कोंड्याच्या) तेलावर काम झाले. त्या तेलात मुक्त मेदाम्ले भरपूर असल्यामुळे एकच पदार्थ प्रक्रिया तेल आणि स्टिअरिक अ‍ॅसिड अशा दोन्हींचे काम करू शकतो. तिरुवनंतपुरमच्या सीएसआयआर प्रयोगशाळेत टरफलाच्या तेलावर फॉस्फरसची प्रक्रिया करून नैसर्गिक रबरात त्याचा अभ्यास झाला आहे. आपल्याला खर्च आटोक्यात ठेवायचा असेल, तर कार्डॅनॉलच्या आधी राइस ब्रान तेलाचे तीन भाग घालून आणि स्टिअरिक अ‍ॅसिड एक भागावर आणून एक बॅच पाहावी असे मला वाटते.

कम्पाउंडर, ठाणे

राइस ब्रानचा पर्याय योग्य आहे, मात्र ट्रेडसाठी मी कार्डॅनॉललाच पसंती देईन, कारण त्यातील फिनॉल गट रबराला उष्णतेने होणाऱ्या ऑक्सिडीकरणापासून काही प्रमाणात वाचवतो आणि घाटात तापणाऱ्या टायरला त्याचा उपयोग होतो. तथापि ओझोनमुळे पडणाऱ्या भेगांवर तो उपाय नव्हे. ६पीपीडी (ओझोनपासून रबर वाचवणारे रसायन) आणि मेण यांचे प्रमाण त्या भरवशावर कमी करू नये.

आणखी एक गोष्ट ठामपणे सांगावीशी वाटते. टीबीबीएसची जागा पूर्णपणे घेईल असा वनस्पतिजन्य प्रवेगक ट्रक टायरच्या ट्रेडसाठी आज तयार मालाच्या रूपात उपलब्ध नाही, आणि तसे सांगून कोणी पावडर विकत असेल तर तिची रासायनिक ओळख कळल्याशिवाय ती मिलवर घेऊ नये. टीएमटीडीसारख्या दुय्यम अमाइनवर आधारलेल्या प्रवेगकांपासून नायट्रोसअमाइन (कर्करोगकारक संयुगे) तयार होतात, म्हणून त्यांना पर्याय हवेत हे मान्यच आहे, परंतु आपल्या कम्पाउंडमध्ये ते मुळात नाहीतच. आपल्याकडे खरी संधी आहे ती तेलाच्या जागी. अ‍ॅरोमॅटिक तेलातील बहुवलयी संयुगांमुळे युरोपीय संघाने टायरमधील अशा तेलांवर १ जानेवारी २०१० पासून मर्यादा घातली, आणि गुडइयरने २०१७ मध्ये सोयाबीन तेल वापरलेला टायर बाजारात आणला. मोठ्या कंपन्या त्या दिशेने गेल्या आहेत, तर आपल्या दारातल्या टरफलाचा नीट अभ्यास होणे मला फार महत्त्वाचे वाटते. ठाण्याच्या इरमरामध्ये (रबर संशोधन संस्थेत) नमुने तपासून घेता येतील.

धागाकर्ता (शिरोली, कोल्हापूर)

सर्वांचे मनापासून आभार. परीक्षानळीची चाचणी आजच केली. शिल्लक ड्रममधील तेलाला बराच वेळ बुडबुडे येत राहिले. आता ऊर्ध्वपातित कार्डॅनॉल मागवून तीन भागांपासून सुरुवात करतो, आणि राइस ब्रानची बॅच शेजारी ठेवून पाहतो. एक शंका उरते: ट्रेड आणि जुने केसिंग (जुन्या टायरचा सांगाडा) यांच्यामध्ये बसणाऱ्या बाँडिंग गममध्येही हाच बदल करावा का?

कम्पाउंडर, ठाणे

तूर्त करू नये. बाँडिंग गम कोल्ड प्रक्रियेत (आधीच पक्का केलेला पट्टा जोडण्याच्या, मोल्डपेक्षा कमी तापमानाच्या पद्धतीत) साधारण १०० ते ११० अंशांवर क्युअर होतो, तेथे प्रवेगकाचा समतोल फार नाजूक असतो, आणि जास्तीचे तेल पृष्ठभागावर आले तर चिकटपणा जाऊन पट्टा रस्त्यावर सुटण्याची भीती असते. ट्रेडमधील कार्डॅनॉलही बफ केलेल्या (घासून खरखरीत केलेल्या) खालच्या बाजूने वर येऊ शकते; म्हणून नव्या बॅचचे पट्टे काही आठवडे साठवून ती बाजू पाहावी, नेहमीच्याच गमवर जोडून सोलण्याची चाचणी घ्यावी, आणि फाटण्याची जागा रबराच्या आत आहे की जोडावर, हे आकड्याच्या शेजारी लिहून ठेवावे. जोडावर सुटत असेल तर कार्डॅनॉल दोन भागांवर आणावे.