मदत हवी आहे : पैदाशीच्या गोऱ्ह्याला सोयाबीनचे कुटार द्यावे का?

वर्धा जिल्ह्यात आम्ही पैदाशीसाठी राखलेला गवळाऊ जातीचा गोऱ्हा आठ महिन्यांचा आहे. ज्वारीचा पेरा घटल्याने कडबा पुरत नाही, म्हणून वैरणीत निम्मे सोयाबीनचे कुटार (मळणीनंतर उरणारा भुसा) असते. सोयाबीनमधील डेडझीन या द्रव्यापासून जनावराच्या पोटात इक्वॉल हे द्रव्य तयार होते व ते इस्ट्रोजेन या मादीच्या संप्रेरकासारखे काम करते. 1940 च्या दशकात पश्चिम ऑस्ट्रेलियात क्लोव्हर हा द्विदल चारा चरणाऱ्या मेंढ्यांना अशाच द्रव्यांमुळे वांझपणा आला, पण तो अनुभव मुख्यतः माद्यांचा. सरकीतील गॉसिपॉल हे द्रव्य वीर्याला बाधक असल्याने सरकीची ढेप आधीच बंद केली आहे. पशुवैद्यकांच्या तपासणीत दोन्ही वृषणे उतरलेली व सारखी आढळली. वीर्यतपासणी मात्र वयात आल्यावरच होईल. सोयाबीनच्या दाण्याच्या तुलनेत कुटारात ही इस्ट्रोजेनसारखी द्रव्ये कितपत असतात, आणि वाढीच्या वयात वृषणांवर परिणाम होऊ नये यासाठी कुटाराचे प्रमाण किती ठेवावे?